मुंबईच्या घामात आणि गर्दीत दिवसभर अंगावर राहील असं होल्स्टर कसं निवडायचं

बंदुकीच्या लायसन्ससाठी माणूस चपला झिजवतो, मग रिव्हॉल्वरवर लाखाच्या वर पैसे घालतो, आणि होल्स्टरची, म्हणजे हत्यार अंगावर न्यायच्या कव्हरची, वेळ आली की दुकानदार काऊंटरखालून जे काढून देईल ते गुपचूप घेऊन घरी येतो. ते काळं नायलॉनचं, वर वेल्क्रोची पट्टी असलेलं, "सगळ्यात बसतं साहेब" वालं. महिनाभरात ते कपाटात जातं आणि हत्यार खिशात, ऑफिसच्या बॅगेत नाहीतर गाडीच्या डॅशबोर्डात फिरायला लागतं. हे मी इतक्या लोकांच्या बाबतीत बघितलंय की आता कोणी नवीन लायसन्सवाला भेटला की आधी होल्स्टरबद्दलच बोलतो.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. होल्स्टर चांगलं म्हणजे काय, तर सकाळी घातल्यावर संध्याकाळी घरी येऊन काढेपर्यंत त्याला एकदाही हात लावावा लागत नाही असं. कारण गोळी चुकून सुटते ती बहुतेक वेळा हाताळतानाच, काढताना, ठेवताना, इकडचं तिकडे करताना. टोचतंय म्हणून गाडीत बसल्यावर काढून सीटवर ठेवलं, उतरताना परत खोचलं, दुकानात गल्ल्याखाली ठेवलं, जेवायला बसताना काढलं, असं दिवसातनं पाच-सहा वेळा झालं की तेवढ्या वेळा धोका पत्करला. २०२४ च्या ऑक्टोबरमधे अभिनेता गोविंदाच्या पायाला त्याच्याच लायसन्सच्या रिव्हॉल्वरची गोळी लागली ती सगळ्यांनी वाचलीये, पहाटे घराबाहेर पडायच्या गडबडीत कपाटात ठेवताना हातातनं निसटून पडलं आणि सुटलं अशीच ती बातमी होती. म्हणून आराम ही चैनीची गोष्ट नाहीये, टोचणारं होल्स्टर माणसाला हत्यार हाताळायला लावतं.

कायद्याचं आधी बोलून घेऊ. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर न्यायचं तर ते होल्स्टरमधे किंवा तशाच योग्य कव्हरमधे पाहिजे, पूर्ण झाकलेलं पाहिजे, आणि त्याच्यावर तुमचा ताबा पाहिजे. म्हणजे शर्ट वर सरकून मूठ दिसली, लोकांनी बघितली, कोणीतरी फोन केला, तर "माझ्याकडे लायसन्स आहे" एवढं उत्तर पुरत नाही. लायसन्स सोबत ठेवायचं, त्यावर कुठल्या हद्दीपर्यंत परवानगी आहे, महाराष्ट्र की अख्खा भारत, ते नीट वाचायचं. अटी मोडल्या तर शस्त्र कायद्याचं ३० वं कलम लागतं आणि लायसन्स जायची वेळ येते ती वेगळीच. आणि हत्यार फक्त लायसन्सवाल्याच्याच ताब्यात राहायला हवं हे डोक्यात पक्कं बसवा, कारण होल्स्टर निवडताना याचा फार संबंध येतो, पुढे सांगतो.

परदेशी सल्ला आपल्याला अर्धाच लागू का पडतो

यूट्यूबवर होल्स्टरचे व्हिडिओ भरपूर आहेत पण ते सगळे ग्लॉक, सिग असल्या ९ एमएम पिस्तुलांवर. ९ एमएम आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही, प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापाचं. आपल्या हातात येतं ते मुख्यतः .३२ इंच मापाचं रिव्हॉल्वर, कानपूरच्या सरकारी फॅक्टरीचं, किंवा .३२ चं पिस्तूल, किंवा मग २०१४ मधे आलेलं हलकं निर्भीक रिव्हॉल्वर, किंवा २०२३ मधे आलेलं प्रबल रिव्हॉल्वर. काही घरांत वडिलांकडून वारशाने आलेलं जुनं विलायती वेब्ली नाहीतर वॉल्थर असतं. या हत्यारांच्या मापाचं तयार होल्स्टर ऑनलाइन शोधायला गेलात तर मिळतच नाही, आणि "थोडं सैल आहे पण चालेल" म्हणून दुसऱ्याच मॉडेलचं घेतलं की ट्रिगर गार्डशी, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याशी, माप चुकतं. ते चालत नाही. होल्स्टर मॉडेल बघूनच घ्यायचं, "३ इंची नळी" एवढं माप पुरत नाही.

अजून एक गोष्ट त्या व्हिडिओंत कोणीच सांगत नाही, सांगणारही नाही, कारण त्यांच्याकडे हे हत्यार नाहीच. कानपूरचं नेहमीचं .३२ चं रिव्हॉल्वर वेब्लीच्या घराण्यातलं, म्हणजे ते मधनं दुमडतं, नळी खाली झुकते आणि काडतुसांचं फिरतं सिलिंडर उघडं पडतं. ते बंद धरून ठेवणारी खिटी घोड्याजवळ (मागचा हॅमर) फ्रेमच्या बाजूला असते, अंगठ्याने दाबायची. घट्ट शिवलेल्या होल्स्टरची कड किंवा वरचा पट्टा नेमका त्या खिटीवर बसला तर ती हळूहळू दाबली जाते, आणि बाहेर काढताना हत्यार अर्धवट उघडं येऊ शकतं. म्हणून होल्स्टर घेताना खिटीच्या जागी चामड्याला थोडी मोकळीक आहे का ते बोट फिरवून बघा. प्रबलमधे सिलिंडर बाजूला उघडतं, तिथे खिटीची जागा वेगळी, तेव्हा एकाचं होल्स्टर दुसऱ्याला असं अजिबात करू नका.

आधी ट्रिगर, मग बाकी सगळं

कुठलंही होल्स्टर हातात घेतलंत की सगळ्यात पहिले ट्रिगर गार्ड बघा. हत्यार आत गेल्यावर ट्रिगरची अख्खी जागा झाकली गेली पाहिजे, दोन्ही बाजूंनी, आणि बाहेरनं बोटाने दाबलं तरी आत ट्रिगरपर्यंत दाब पोचला नाही पाहिजे. पातळ कापडी होल्स्टर इथेच नापास होतात. ट्रिगर झाकलेला दिसतो पण कापडावरनं चावीचा जुडगा दाबला गेला तरी ट्रिगर हलतो. ज्या होल्स्टरमधे ट्रिगर उघडा राहतो, जुन्या सिनेमातल्या इन्स्पेक्टरसारखं, ते कितीही देखणं असो, घ्यायचं नाही.

दुसरं, तोंड. हत्यार बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. मऊ चामड्याचं किंवा नायलॉनचं तोंड कमरेच्या पट्ट्याच्या दाबाने मिटतं, मग परत ठेवताना माणूस एका हाताने तोंड फाकवतो आणि दुसऱ्या हाताने नळी आत घालतो, म्हणजे नळी स्वतःच्याच बोटांवर रोखलेली. चांगल्या चामड्याच्या होल्स्टरच्या तोंडाला जाड पट्टी शिवलेली असते, कधी आत धातूची पातळ पट्टीही असते, ती याच्यासाठीच.

तिसरं, पकड. रिकामं हत्यार, दोनदा तपासलेलं, होल्स्टरमधे घालून गादीवर उलटं धरा आणि हलवा. पट्टा किंवा टिचबटण न लावतासुद्धा ते आत टिकलं पाहिजे. आता मुंबईसाठी मी म्हणेन की वर अंगठ्याने उघडायचा पट्टा हवाच. परदेशात बरेच लोक म्हणतात पट्टा नको, काढायला वेळ लागतो. असेल, पण त्यांना सकाळच्या गर्दीत दादरला उतरायचं नसतं. जिथे आजूबाजूच्या चार जणांची कोपरं तुमच्या कमरेला घासतायत तिथे पट्ट्याचं टिचबटण ही गरज आहे. शिवाय बाहेर घोडा असलेल्या रिव्हॉल्वरला पट्टा घोड्यावरनं गेला तर घोडा कशात अडकून मागे ओढला जाण्याची भीती राहत नाही.

आणि होल्स्टर कितीही चांगलं असलं तरी हत्यार पडल्यावर सुटू नये याची हमी ते देऊ शकत नाही, ती हत्याराच्या आतल्या रचनेतनं येते. ज्या जुन्या रिव्हॉल्वरला हॅमर ब्लॉक किंवा ट्रान्सफर बार, म्हणजे ट्रिगर ओढल्याशिवाय घोड्याचा मार काडतुसाला लागू न देणारा भाग, नाही, त्याच्या घोड्याखालचं काडतुसाचं घर रिकामं ठेवायचं ही जुन्या लोकांची पद्धत आहे आणि ती पाळाच. आपल्या हत्याराला तो आहे की नाही ते लायसन्सधारक डीलरकडे विचारून घ्या.

पट्टा

होल्स्टरच्या निम्म्या तक्रारी खरं तर कमरेच्या पट्ट्याच्या असतात. .३२ चं रिव्हॉल्वर साधारण ७०० ग्रॅम, वर काडतुसं. एवढं वजन लग्नात घालायच्या त्या पातळ, चकचकीत, रेक्झिनच्या पट्ट्यावर अडकवलं की ते खाली लोंबतं, बाहेरच्या बाजूला झुकतं, मूठ शर्टमधनं उठून दिसते, आणि माणूस दर दहा मिनिटांनी पँट वर ओढतो. ती पँट वर ओढायची सवयच ओळखणाऱ्याला सगळं सांगून जाते. त्यामुळे दीड इंच रुंद, दोन थर शिवलेला, हातात धरून पिळला तर पटकन पिळला न जाणारा पट्टा घ्या. आणि होल्स्टरची क्लिप किंवा लूप त्याच रुंदीचा पाहिजे, लूप सैल असेल तर होल्स्टर पुढेमागे सरकत राहतं. धारावीत नाहीतर कुठल्याही चांगल्या चामड्याच्या कारागिराकडे असा पट्टा सांगून बनवता येतो, तयार ब्रँडेड पट्ट्यापेक्षा स्वस्त पडतो आणि कितीतरी जास्त टिकतो.

कुठे घालायचं

हा सगळ्यात मोठा विषय, आणि इथे तुमचं शरीर, तुमचे कपडे आणि तुम्ही दिवसभर काय करता याच्यावर सगळं आहे. कोणीतरी दुसऱ्याने सांगितलं म्हणून करू नका.

पँटच्या आत, उजव्या हाताच्या माणसाला उजव्या कमरेच्या हाडाच्या किंचित मागे, ही बहुतेकांना चालणारी जागा. बाहेर सोडलेल्या हाफ शर्टाखाली व्यवस्थित लपतं. पण पँट कमरेला दीड ते दोन इंच मोठी घ्यावी लागते, आहे त्याच मापात कोंबलं तर दुपारपर्यंत पोट दुखायला लागतं आणि मग परत तेच, काढून ठेवायचं. रिव्हॉल्वरमधे सगळ्यात जाड भाग सिलिंडर. तो पट्ट्याच्या दाबात आला तर बरगडीखाली टोचतो, म्हणून होल्स्टर असं हवं की सिलिंडर पट्ट्याच्या जरासं वर राहील. मात्र फार वर घेतलंत तर वरचा भार वाढून अख्खं हत्यार बाहेर कलतं. लूपची उंची थोडी खालीवर करता येणारं होल्स्टर मिळालं तर जास्त पैसे देऊन तेच घ्या. मूठ थोडी पुढे झुकलेली असली की वाकताना मागून उठून दिसत नाही, तो कोनही बघून घ्या.

पुढे, बेंबीच्या बाजूला घालायची जी पद्धत आहे ती सडपातळ माणसाला, छोट्या पिस्तुलाला ठीक. गर्दीत हातांच्या पुढे राहतं, ताबा चांगला राहतो, हे खरं. पण ज्यांचं पोट पुढे आहे, आणि जे गाडीत तासन्‌तास बसतात, त्यांना मूठ पोटात रुतते आणि नळी थेट मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीकडे असते. ठेवताना जरा चूक झाली तर काय होईल ते मी वेगळं सांगायला नको. नवशिक्याने ही जागा निवडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पँटच्या बाहेर पट्ट्यावर अडकवलेलं होल्स्टर बसायला सगळ्यात आरामशीर, पण झाकायला जाकीट किंवा लांब कुर्ता पाहिजे. झवेरी बाजारातले जुने लोक सफारी घालायचे, त्यात हे छान लपायचं, आजही कुर्ता आणि वर नेहरू जाकीट घालणाऱ्याला हेच बरं. टी-शर्टवाल्याला नाही. नळी जितकी लांब तितका शर्ट लांब लागतो, हात वर करून लोकलची कडी पकडल्यावर शर्ट किती वर जातो हे आरशासमोर बघायचं, खाली हात सोडून उभं राहून बघण्यात काही अर्थ नाही.

पाठीच्या मधोमध, मणक्यावर, हे कृपा करून करू नका. घसरून पाठीवर पडलात तर मणका आणि लोखंड यांच्यामधे काहीच नाही, पावसाळ्यात आपले फुटपाथ कसे असतात माहितीये, आणि गर्दीत मागे कोण हात घालतोय ते कळत नाही.

काखेतलं होल्स्टर, ते खांद्यावरनं पट्टे असलेलं, त्याला जाकीट लागतंच आणि मे महिन्यात मुंबईत जाकीट कोण घालणार. त्याहून मोठा मुद्दा म्हणजे त्यात आडवं बसवलेल्या हत्याराची नळी मागच्या माणसावर रोखलेली राहते, आणि आपल्या शहरात मागे कायम कोणीतरी असतंच. घ्यायचंच असेल तर नळी खाली जाणारं उभं घ्या.

घोट्यावरचं होल्स्टर गाडी चालवणाऱ्यांना फार आवडतं. पण जुलैमधे हिंदमाताला किंवा मिलन सबवेला पाणी भरलं की सगळ्यात आधी घोटाच बुडतो, आणि ते गटाराचं पाणी एकदा सिलिंडरमधे गेलं की अख्खं हत्यार उघडून साफ करावं लागतं. जिने चढउतर करणाऱ्यालाही हे जड पडतं.

खिशात नुसतं हत्यार टाकणं हा सर्वात वाईट प्रकार. खिशात चावी, नाणी, पेन, काहीही ट्रिगरमधे अडकू शकतं. खिशातलं होल्स्टर म्हणून वेगळा प्रकार येतो, बाहेरनं खरखरीत, ट्रिगर झाकणारा, हत्यार काढलं की तो खिशातच राहतो. छोट्या .२२ किंवा .२५ ला आणि ढगळ पँटला तो चालतो, पण त्या खिशात दुसरी एकही वस्तू ठेवायची नाही. रुमालसुद्धा नाही.

साडी, पंजाबी ड्रेस आणि पर्स

बायकांसाठी होल्स्टरचा विचार आपल्याकडे कोणी केलाच नाहीये, "पर्समधे ठेवा मॅडम" म्हणून मोकळे होतात. निर्भीक बाजारात आणलं ते बायकांच्या सुरक्षिततेचं नाव घेऊन, ५०० ग्रॅमचं हत्यार, पण ते अंगावर कसं न्यायचं याचं उत्तर सोबत आलं नाही. पर्सची अडचण अशी की पर्स हातातनं सुटते. हॉटेलात खुर्चीला अडकवतो, लोकलमधे रॅकवर टाकतो, "जरा धर रे" म्हणून नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात देतो. त्या क्षणी हत्यार लायसन्स नसलेल्या माणसाच्या ताब्यात गेलं. आणि सोनसाखळी चोर पर्सच हिसकावतो, म्हणजे हत्यार त्याला फुकटात.

साडीत किंवा ड्रेसमधे पट्टा नसतो, तिथे पोटाभोवती बांधायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा मिळतो तो उपयोगी पडतो. साडीत परकराच्या नाडीच्या किंचित वर, वर पदर येतो त्या बाजूला. मात्र त्या इलॅस्टिकच्या नुसत्या खिशावर विश्वास ठेवू नका, कारण ट्रिगरवर फक्त कापड असतं. आत ट्रिगर झाकणारं कडक कव्हर बसवलेलंच घ्या, नाहीतर कारागिराकडनं चामड्याचं कडक आतलं कव्हर शिवून त्यात टाका. ड्रेसवर आतून सुती बनियन घालून त्यावर पट्टा बांधला तर घामोळं येत नाही. पर्स वापरायचीच असेल तर हत्यारासाठी पूर्ण वेगळा, आतनं होल्स्टर शिवलेला, चेनचा कप्पा असलेली, आडवी अंगावर घ्यायची पर्स, आणि ती घराबाहेर अंगावरनं एकदाही उतरवायची नाही.

चामडं, कायडेक्स, नायलॉन

कायडेक्स म्हणजे कडक प्लास्टिकची शीट, गरम करून हत्याराच्या आकारावर दाबून बसवतात. घाम पीत नाही, पावसात भिजत नाही, तोंड कायम उघडं राहतं, धुता येतं. मुंबईच्या हवेला खरं तर हेच सगळ्यात योग्य, पण आपल्या हत्यारांच्या मापात ते सहज मिळत नाही आणि उघड्या अंगाला फार टोचतं. मिळालं तर आत बनियन घालाच. आणि उन्हात उभ्या गाडीत सोडू नका, उष्णतेने आकार बिघडतो.

चामडं अंगाच्या आकाराप्रमाणे बसतं, थोड्या आठवड्यांत आपलंसं होतं, आवाज करत नाही. पण घाम पितं. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग अंगावरच्या घामट चामड्याचं काय. म्हणून चामड्याचं घेताना मागची बाजू उंच असलेलं घ्या, म्हणजे हत्यार आणि अंग यांच्यामधे चामड्याची एक जीभ येते, घाम थेट लोखंडाला लागत नाही आणि घोड्याची टोकं कातडीला टोचत नाहीत. चामडं जाड आणि ताठ हवं, बूट शिवायचं मऊ चामडं होल्स्टरला उपयोगाचं नाही.

नायलॉनच्या त्या सार्वत्रिक मापाच्या होल्स्टरवर मी पैसे घालवायला सांगणार नाही. नेमबाजीच्या रेंजवर न्यायच्या बॅगेत ठेवायला ठीक.

धारावीत सांगून बनवताना

तयार मिळत नाही म्हणून बरेच जण कारागिराकडे जातात, आणि आपले कारागीर फार उत्तम काम करतात, पण त्यांना हत्यार देऊन यायचं नाही. "दोन दिवस ठेवा, माप घेतो" म्हणाला तरी नाही, नुसतं हातात धरायलासुद्धा नाही. घरी हत्यार रिकामं करून जाड कार्डबोर्डवर बाजूने बाह्यरेषा काढा, सिलिंडरची, मुठीची, नळीची जाडी मोजपट्टीने लिहून घ्या, ट्रिगर गार्ड कुठे सुरू होतो कुठे संपतो, खिटी कुठे, घोडा कुठे, सगळं मार्क करा. त्यावरनं सुताराकडून लाकडाचा ठोकळा करून घ्या, भडक लाल किंवा पिवळा रंग द्या म्हणजे कोणाला खरा वाटणार नाही. कारागीर ओलं चामडं त्या ठोकळ्यावर दाबून बसवतो, वाळलं की आकार धरतं. शिलाई दुहेरी सांगा, ट्रिगर गार्डच्या खालची शिलाई आकाराला अगदी चिकटून पाहिजे, तिथेच पकड असते. टिचबटणं पितळेची चांगली पण त्यावर हिरवा थर धरतो, तो अधूनमधून पुसावा लागतो. आणि टिचबटणाची आतली बाजू चामड्याच्या तुकड्याने झाकून घ्या, नाहीतर हत्याराच्या अंगावर चरे पडतात.

घरी तालीम

नवीन होल्स्टर आलं की लगेच भरलेलं हत्यार घेऊन बाहेर पडू नका. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. हत्यार रिकामं, डोळ्याने बघून आणि बोट घालून, दोन्ही. घरातली मुलं शाळेत असताना. मग घालून घरभर वावरा, जमिनीवर मांडी घालून बसा, बुटाची नाडी बांधा, स्कूटरवर बसा, कमोडवर बसा. हो, संडास ही फार महत्त्वाची जागा आहे, पँट खाली गेली की पट्टा सैल पडतो आणि होल्स्टर उलटं होतं, बाहेरच्या संडासात हत्यार राहून गेल्याचे किस्से जगभर घडलेत. पँट गुडघ्यावरच धरून पट्ट्याचं बकल लावून ठेवायचं, हत्यार कधीही टाकीवर किंवा खुंटीवर ठेवायचं नाही. याचाही सराव रिकाम्या हत्याराने घरीच करा.

परत ठेवायची हालचाल सगळ्यात सावकाश करायची. शर्ट डाव्या हाताने पूर्ण वर, होल्स्टरकडे बघून, बोट ट्रिगरच्या बाहेर सरळ, मग ठेवायचं. ठेवताना अडल्यासारखं वाटलं की थांबायचं, जोर द्यायचा नाही, बाहेर काढून बघायचं. शर्टचं टोक किंवा बनियन ट्रिगर गार्डमधे गेलं की असंच अडतं आणि जोर दिला की सुटतं. जाकिटाच्या नाड्या, प्लास्टिकचे गोळे लावलेल्या, या फार वाईट, कापून टाका. लायसन्ससाठी शस्त्र सुरक्षिततेचं जे प्रशिक्षण घ्यावं लागतं त्यात हे सगळं घाईत उरकतात, म्हणून वरळीच्या रेंजवर किंवा जिथे तुमची सोय असेल तिथे प्रशिक्षकासमोर होल्स्टरसकट सराव मागून घ्या, त्यांची परवानगी असेल त्या पद्धतीने.

मॉल, थिएटर, मोठी ऑफिसं, हॉटेलं, सगळीकडे दारात मेटल डिटेक्टर आहेत. वॉचमनच्या हातात हत्यार देऊन आत जाणं हे परत तेच, बिनलायसन्स माणसाचा ताबा. म्हणून निघायच्या आधीच दिवसाचा मार्ग बघा, अशी जागा असेल तर त्या दिवशी हत्यार घरी तिजोरीत. विमानाने जायचं तर कमरेला प्रश्नच येत नाही, एअरलाइनला आधी सांगून, रिकामं करून, चेक-इन सामानात जातं.

घरी आल्यावर

हत्यार होल्स्टरमधेच ठेवून झोपायची सवय अनेकांना आहे. मुंबईत ती सवय हत्यार खाते. चामड्यात घाम, मीठ आणि कमावतानाची रसायनं असतात, निळसर पॉलिश केलेल्या लोखंडावर नेमकी होल्स्टर टेकतं तिथेच गंजाची लाल पूड दिसायला लागते. रोज घरी आल्यावर रिकामं करा, कोरड्या सुती फडक्याने पुसा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या तिजोरीत वेगळं ठेवा. होल्स्टर पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही, हेअर ड्रायरने तर नाहीच, चामडं आखडतं आणि माप बदलतं. घरात असतं म्हणून खोबरेल तेल चोळू नका, चामडं मऊ पडतं आणि तोंड मिटायला लागतं, म्हणजे ज्यासाठी एवढा शोध केला तेच गेलं. बाहेरनं पातळ मेणाचं पॉलिश पुरेसं आहे, आतनं काहीच नको.

जमलं तर दोन होल्स्टर ठेवा, एक वाळत असताना दुसरं, पावसाळ्यात तरी नक्की. महिन्यातनं एकदा रिकाम्या हत्याराने ती गादीवरची उलटं धरायची तपासणी परत करा, लूपचे स्क्रू आवळा, शिलाई बघा, टिचबटण एका बोटाने सहज उघडतंय का, आपोआप उघडत नाहीये ना ते बघा. निवडणुकीच्या काळात हत्यार पोलीस स्टेशनला जमा करायला सांगितलं असेल तर तेवढ्या दिवसांत होल्स्टरमधे तो लाकडी ठोकळा घालून ठेवा, म्हणजे आकार टिकतो.

आणि ट्रिगरच्या जागचं चामडं मऊ पडून आत दबायला लागलं, किंवा तोंडाची कड आत वळून ट्रिगरकडे यायला लागली, की ते होल्स्टर संपलं. अशी वळलेली कड ठेवताना ट्रिगरमधे शिरते. डागडुजी करत बसू नका, कोणाला देऊही नका, कात्रीने ट्रिगरच्या जागी दोन तुकडे करून कचऱ्यात टाका आणि ठोकळा घेऊन कारागिराकडे जा.